दोन रांगांमधली साडेतीन फूट

१ एप्रिल १९६६, शुक्रवार

सरकारी वर्ष आजपासून, म्हणून रोजनिशीही आजपासून. जानेवारी ते मार्चची पानं कोरी राहिली. त्यावर शाळेतल्या पोरांकडून चित्रं काढून घेते, असं चंद्रप्रभा म्हणाली. घे म्हटलं.

संकल्प तीन. जूनअखेर हजेरीपटावर एकही लाल शेरा नाही. फटफटी रोज सकाळी पुसायची. चिडायचं नाही.

पहिला महत्त्वाचा. कचेरीत अव्वल कारकुनाची एक जागा निघते आहे. जूनअखेर नाव उस्मानाबादला जाणार. नावं दोनच, मी आणि माणिकप्पा. माझी नोकरी चौदा वर्षांची, त्याची अकरा. अक्षर माझं चांगलं. अडचण हजेरीची. आमचे वरिष्ठ, पेशकार बाबूराव, साडेदहाच्या ठोक्याला पट ओढून घेतात आणि नंतर येणाऱ्याच्या नावापुढं लाल शाईनं वेळ लिहितात. गेल्या वर्षी माझ्या ओळीत निळं कमी आणि लाल जास्त होतं.

चंद्रप्रभाला सांगितलं, दसऱ्याला तू अव्वल कारकुनाची बायको. ती वह्या तपासत होती. वर न बघता बरं म्हणाली.

४ एप्रिल, सोमवार

१०.५५. लाल शेरा. पहिल्याच सोमवारी.

चूक माझी नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. चंद्रप्रभाची शाळा बोरवाडीत, म्हणून आम्ही बोरवाडीत. माझी कचेरी उमरग्यात. अंतर सहा मैल. फटफटीचा वेग ताशी तीस मैल. म्हणजे बारा मिनिटं. सव्वादहाला निघालेला माणूस साडेदहाच्या आत पोचलाच पाहिजे. हे गणित आहे. किक मारण्यात थोडी मिनिटं जातात, ती सोडून द्यायची.

पण उमरग्याच्या अलीकडं हमरस्त्यावर धान्याचा नाका बसवलाय. ज्वारी चोरून इकडची तिकडं जाऊ नये म्हणून लोखंडी दांडी आडवी टाकतात आणि एकेक वाहन तपासतात. डाव्या अंगाला मोंढ्यावर, धान्यबाजाराला, निघालेल्या बैलगाड्यांची रांग, उजव्या अंगाला ट्रकांची. माझ्याकडं धान्य म्हणजे डब्यातल्या दोन भाकरी. तरी नाक्यावरचा शिपाई बिरदेव मला रांगेच्या शेपटाला उभा करतो. फटफटीला उभं राहणं सोसत नाही. इंजिन तापतं. बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही. मलाही सोसत नाही.

५ एप्रिल, मंगळवार

१०.४८. लाल.

माणिकप्पा आमच्याच बाजूचा, आमच्याही पुढच्या गावचा. सायकलीवर आठ मैल येतो, नाक्यावर उतरतो, रांगेत गाडीवानांशी गप्पा मारत उभा राहतो आणि दहाला कचेरीत हजर. त्याला विचारलं, कसं जमतं. म्हणाला, "आठला निघतो की." या माणसाला घरी काही उद्योग नसणार.

चंद्रप्रभा म्हणते एस.टी.नं जा. एस.टी. पावणेनऊला. ती वेळ माझ्या दाढीची.

७ एप्रिल, गुरुवार

शोध लागला!

रांगेत उभ्या उभ्या समोर पाहत होतो. डावीकडं गाड्या, उजवीकडं ट्रक, आणि मधोमध सरळ नाक्यापर्यंत गेलेली मोकळी वाट. कुणाच्याच उपयोगाची नाही. बैलगाडी मावत नाही, ट्रक मावत नाही. मावते ती फक्त फटफटी. चौदा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे दिसायला आठवडा लागला, याचं वाईट वाटलं.

शनिवारी मोजणार.

९ एप्रिल, शनिवार

शाळेतली टेप नेली. दोन रांगांमधली जागा तीन फूट सहा इंच. फटफटीचं हँडल दोन फूट चार इंच. शिल्लक चौदा इंच. भरपूर. बिरदेवानं टेपचं दुसरं टोक धरलं होतं. म्हणाला, "साहेब, रस्ता रुंद हुनार हाय का?" त्याला सगळं सांगत बसलो नाही.

११ एप्रिल, सोमवार

मधल्या वाटेनं गेलो. चौदा इंचांत माझे गुडघे धरले नव्हते. उजवा गुडघा ट्रकच्या फळीला, डावा बैलगाडीच्या चाकातून बाहेर आलेल्या आसाला. डब्याची पिशवी एका बैलाच्या शिंगात राहिली. बैलानं मान वर केली तेव्हा पिशवी पार उंच गेली होती.

बैल उत्तरेश्वरचा. आमच्याच बोरवाडीचा शेतकरी, शांत माणूस, पांढरा बैल त्याचा फार लाडका. त्यानं पिशवी काढून दिली आणि म्हणाला, "मालक, तांबडं फुटायच्या आधी येऊन उभं हाव आमी. तुमी न्हाऊन धुऊन येता आन् मधनं फुडं जाता. मग आमी काय येडं म्हणून उभं हाव का?"

मी त्याला नीट समजावलं. माझ्याकडं तपासायला काही नाही. मी पुढं गेल्यानं तुझा नंबर मागं जात नाही. उलट रांगेतलं एक वाहन कमी होतं. फटफटीवाल्याला मधून सोडण्यात सगळ्यांचाच फायदा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मला पटलं. आता बैलास्नी सांगा."

१०.४१. लाल. पण सुधारणा आहे.

१४ एप्रिल, गुरुवार

मधली वाट मोकळी असते हे लांबून खरं. जवळ गेलं की तिथं लोक राहतात. उभं राहून कंटाळलेले गाडीवान बैल सोडून तिथंच बांधतात, पुढ्यात कडबा टाकतात. काल दोन ट्रकवाले स्टो पेटवून चहा करत होते. मी हॉर्न दिला तर त्यांनी मलाच चहा दिला. घेतला. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

११.०२.

१८ एप्रिल, सोमवार

आज लेखी अर्ज केला. विषय: रांगेत उभ्या वाहनांच्या मधून मोटारसायकलस्वारांस पुढे जाण्याची परवानगी मिळणेबाबत. मुद्दे नऊ. इंजिन तापणे, सरकारी वेळेचा अपव्यय, वाहनाची रुंदी, सोबत नकाशा. उमरगा तालुक्यात असे स्वार किती, या रकान्यात खूप विचार करून ‘सध्या मोजके’ लिहिलं. डॉक्टरांची एक, माझी एक. डॉक्टर मधून जात नाहीत. भितात.

कचेरीत आवक-जावक माझ्याकडंच. अर्ज मीच लिहिला, मीच आवक केला, क्रमांक ४१७ दिला आणि मीच पेशकारसाहेबांच्या टेबलावर ठेवला. कामाला एवढी गती या कचेरीत पूर्वी आली नसेल.

१९ एप्रिल, मंगळवार

उत्तरेश्वर म्हणाला, खरं दुखणं रांग नव्हं. नाका आठला उघडायचा, पण दांडीच्या कुलपाची किल्ली नाक्यावरच्या कारकुनाकडं, आणि तो येतो नऊ-साडेनऊला. तोवर दोनशे बैल उन्हात.

ऐकून रक्त तापलं. एका माणसाच्या आळसापायी एवढ्या लोकांचा खोळंबा! दुपारी दुसरा अर्ज, क्रमांक ४२३: नाक्यावर वक्तशीर व जबाबदार कारकून नेमण्यात यावा. ‘वक्तशीर’ खाली रेघ मारली.

(आज १०.५०. अर्जाचा मजकूर घोळवत दाढी केली, म्हणून.)

२ मे, सोमवार

दोन आठवडे लिहिलं नाही. दमलो होतो. फटफटी पुसायचा संकल्प तात्पुरता बाजूला ठेवलाय, कारण पुसली तरी नाक्यावर पुन्हा धूळ बसते.

९ मे, सोमवार

पांढऱ्या बैलाला माझा हॉर्न आवडत नाही. आज तो एकदम बाजूला सरला, गाडी कलली, एक पोतं खाली पडून उसवलं. ज्वारी सगळी रस्त्यावर. उत्तरेश्वर गाडीवरून उतरला. खाली बसून ओंजळीनं भरू लागला. मीही बसलो. पंक्चरमुळं आज मागं राहिलेल्या माणिकप्पानं सायकल लावली आणि तोही बसला. तिघांनी मिळून माती निवडत भरली. उत्तरेश्वर बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. बैल थरथरत होता.

मला वाईट वाटलं. नियम नसला की असं होतं. नियम असता तर गाडीवानांनी मधे जागा सोडली असती आणि बैलांना सवय झाली असती. हा दहावा मुद्दा अर्जाला जोडणार.

११.२५. माणिकप्पालाही आज आयुष्यातला पहिला लाल शेरा. तो हसला. मला नाही हसू आलं.

१७ मे, मंगळवार

पेशकारसाहेबांनी बोलावलं. अर्ज पुढ्यात. म्हणाले, राघवेंद्रराव, तुम्ही घरून निघता किती वाजता? मी म्हटलं, साहेब, प्रश्न निघण्याचा नाही, पोचण्याचा आहे. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मुद्दा त्यांच्या मनात घोळत असावा.

२५ मे, बुधवार

चंद्रप्रभाला सुट्टी आहे. सकाळी दारात बसून माझं निघणं बघत होती. म्हणाली, आज मोजल्या, एकवीस किका. मग म्हणाली, "लाल शेरे किती झाले हो?" मी म्हटलं, आकड्यांवर काही नसतं, सेवाज्येष्ठता बघतात. ती म्हणाली, "मी कुणाला काही सांगितलेलं नाही अजून. दसऱ्याचं." एवढंच म्हणाली आणि आत गेली. हे बोलणं दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

काहीतरी मोठं करायला हवं.

१ जून, बुधवार

ठरलं! परवा कारहुणवी, इथला कसलासा सण. चंद्रप्रभा पुरण घालणार. पेशकारसाहेबांना जेवायला बोलावलं. घरची मंडळी माहेरी गेल्यामुळं ते खाणावळीला कंटाळलेत. लगेच हो म्हणाले. मग हळूच सुचवलं, माझ्या मागं बसूनच चला, वाटेत नाका लागतो, दोन रांगांमधून जाणं किती निर्धोक आहे याची प्रत्यक्ष पाहणी होईल, फाईलही निकाली निघेल. साहेब म्हणाले, निघू दे बाबा एकदाची.

एका पाहणीत परवानगी आणि प्रमोशन दोन्ही. चंद्रप्रभाला फक्त पुरणाचं सांगितलं.

३ जून, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही. पण नोंद हवी.

संध्याकाळी साडेपाचला निघालो. साहेब मागं, कोट आणि काळी टोपी. सातव्या किकला सुरू झाली, शुभशकुन. नाक्यावर पोचलो तर रांगच नाही. एक ट्रक, बाकी शुकशुकाट. कारहुणवीला बैल जुंपत नाहीत, हे बिरदेवानं सांगितलं. माझा फार हिरमोड झाला. इतके दिवस रांग, आणि नेमकी आज नाही.

बोरवाडीजवळ आलो आणि पुन्हा जीव आला. वेशीसमोर दोन रांगा! दोन्हीकडं बैल. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. मागं अख्खं गाव. हलग्या वाजत होत्या. आणि मधोमध मोकळी, सरळ, झाडून काढलेली वाट, थेट वेशीपर्यंत. वेशीत आडवा वळलेला दोर, त्याला पिंपळाची पानं.

मला वाटलं, साहेबांच्या स्वागताचं तोरण. चंद्रप्रभानं गावात सांगितलं असणार. मी मान मागं वळवून म्हटलं, बघा साहेब, दोन रांगा आणि मधली वाट. आणि ॲक्सिलेटर पिळला.

आमच्या परंड्याकडं श्रावणात पोळा असतो, तो मला ठाऊक. इथली ही कारहुणवी मला नवी. गेल्या वर्षी मी त्या दिवशी रजेवर परंड्याला होतो. चंद्रप्रभानं सकाळी सांगितलं म्हणे, की वेशीत पानांच्या दोराचा कर बांधतात, सगळे बैल पळवतात, आणि पहिला बैल तो कर तोडतो. पांढऱ्यानं तोडला तर ज्वारी चांगली, तांबड्यानं तोडला तर खरीप. त्या वेळी मी दाढी करत होतो.

हलग्या थांबल्या. कुणीतरी ओरडलं. शंभर हातांनी थांब थांब केलं, मला वाटलं रामराम घालतायत. कर माझ्या छातीला लागून तुटला. त्याचं दुसरं टोक साहेबांच्या टोपीला. माझी काळी फटफटी वेशीच्या आत जाऊन आपोआप बंद पडली.

 मग कुणीतरी म्हातारा म्हणाला, "काळ्यानं कर तोडला." आणि सगळं गाव हसायला लागलं.

दस्तूर असा की कर तोडणाऱ्याची हलग्या लावून गावातून मिरवणूक. गाव दस्तूर मोडायला तयार होईना. फटफटीच्या हँडलला गोंडे बांधले, टाकीवर झूल घातली, दिव्यावर आणि साहेबांच्या कपाळावर हळदकुंकू. साहेब उतरायला बघत होते, त्यांना उतरू दिलं नाही. फटफटी चालेना म्हणून दोन बैल जुंपले, तेही कारहुणवीला. माणसं म्हणत होती, यंदा पीक काय येनार, तर धूर!

उत्तरेश्वर हसला नाही. पांढऱ्याला घेऊन तो रांगेच्या पहिल्या जागेवर तसाच उभा होता. मिरवणूक त्याच्यासमोरून गेली तेव्हा मला म्हणाला, "तीन साल झालं, मालक. तीन साल ह्याच्या फुडं दुसऱ्याचाच बैल हुता. औंदा पयला नंबर आमचा लागला हुता."

मी मान खाली घातली. मला रडू येईल की काय असं वाटलं. आलं नाही.

साहेब जेवले नाहीत. घामानं हळद डोळ्यांत गेली होती. त्यांना बैलगाडीनं उमरग्याला पोचवलं. उत्तरेश्वरच्याच.

४ जून, शनिवार

किरकोळ रजा.

चंद्रप्रभानं सकाळी दोन पुरणपोळ्या बांधून उत्तरेश्वरच्या घरी नेऊन दिल्या. मी गेलो नाही. 

७ जून, मंगळवार

अर्ज ४१७ निकाली. साहेबांचा शेरा: प्रत्यक्ष पाहणी केली. दोन रांगांमधून जाणाऱ्यास दोन्ही रांगा दिसतात, रांग कशासाठी आहे ते दिसत नाही. नामंजूर.

शेरा जावक करायचा मलाच होता. केला.

उस्मानाबादला माणिकप्पाचं नाव गेलं. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पान काढून दिलं. खाल्लं.

चंद्रप्रभाला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, मी कुणाला सांगितलं नव्हतं. मग माझ्या शेजारी बसून राहिली. हे मला अपेक्षित नव्हतं.

११ जून, शनिवार

हुकूम आला! मी वाचून उठून उभा राहिलो.

‘आपल्याच अर्ज क्रमांक ४२३ मधील सूचनेनुसार’ धान्य नाक्यावर वक्तशीर व जबाबदार कारकून म्हणून माझी नेमणूक. सोमवारपासून. काम: रांगेची शिस्त राखणे, मधून कोणतेही वाहन पुढे जाऊ न देणे. जुना कारकून बदलून गेला. दुपारी जाऊन चार्ज घेतला, रजिस्टर, दौत, दांडीची किल्ली. अर्ज वाया जात नाहीत, हे सिद्ध झालं.

१२ जून, रविवार

कोट झटकताना चंद्रप्रभाला खिशात किल्ली सापडली. ही कसली, म्हणाली. सरकारी, म्हटलं. तिनं परत खिशात ठेवली.

नवे संकल्प: मी कधीही मधून जाणार नाही. रांगेतच उभा राहीन. वरिष्ठानं उदाहरण घालून द्यावं लागतं.

१३ जून, सोमवार

सकाळी ९.२०. हे रांगेत उभ्यानं लिहितोय.

चंद्रप्रभाची शाळा आज उघडली. ती सातलाच गेली. मीही आज कमाल केली. कचेरीची वेळ साडेदहाची, मी नऊलाच घरून निघालो. अकरा किका. नाक्याच्या पाव मैल अलीकडं रांग लागली. नेमानं शेपटाला उभा राहिलो. मधली वाट समोर आहे, पण बघायचं नाही असं ठरवलंय.

९.३०. रांग तसूभर हलली नाही. पुढं ओळखीचा पांढरा बैल दिसतो. माणसं उतरून वैतागलीत. चौकशी केली. एक गाडीवान म्हणाला, "नवा कारकून आला न्हाय अजून. दांडी बंदच हाय सकाळधरनं."

काय म्हणावं या लोकांना? नाका आठचा. दोनशे बैल उन्हात उभे, आणि नाका उघडणाऱ्याचा पत्ता नाही. असल्या माणसाच्या नावापुढं लाल शेरा मारायला हवा. साहेबांना

९.४०. बिरदेव रांगेतून मला शोधत आला. घामाघूम. "साहेब, तुमी इथं? आन् आमी आठपासून तुमच्या वाटंकडं डोळं लावून बसलाव. किल्ली कुठाय?"

खिशात हात घातला. होती.

बिरदेवानं हाळी दिली. पुढं उत्तरेश्वर उठून उभा राहिला. माझ्याकडं त्यानं बघितलं. मग पांढऱ्याला कासऱ्यानं कडेला घेतलं आणि पुढच्यांना ओरडून सांगितलं, "सोडा रं, मधनं सोडा त्यांस्नी." बैल सरले. कडबा उचलला. ट्रकवाल्यांनी चहाचा स्टो बाजूला घेतला. नाक्यापर्यंत सरळ वाट मोकळी झाली. दोन्हीकडून माणसं बघत उभी.

फटफटी सुरू झाली नाही. नऊ किका मारल्या. शेवटी ती तिथंच ठेवून किल्ली हातात धरून चालत गेलो. पाव मैल. कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

दांडी उघडली. रांग हलली. उत्तरेश्वरची गाडी गेली तेव्हा त्यानं फटफटी मागं बांधून आणली होती.

हजेरीपट इथं माझ्याच टेबलावर असतो, लाल दौतही. माझा शेरा मीच मारायचा. ९.५० लिहिलं, लाल शाईनं. पुढं उशिराच्या कारणाचा रकाना आहे. टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग लिहिलं: नाक्यावर रांग होती.